घरचा नंबर

बोटांना आधी कळलं. डोळे पडद्यावरच होते, पण दुपारी चारला होतात तसे जड, अर्धे झोपेत. आणि बोटांनी शेवटचे चार आकडे टाकले ते इतक्या सराईतपणे, इतक्या सवयीने, की हात तिथल्या तिथे थिजला. ओळ लाल झाली. म्हणजे पुन्हा तेच. दिवसाला दोन हजारांवर नंबर टाइप केले की एखाद्या वेळी बोटं वाट चुकतात, समोरच्या गाडीचा नंबर सोडतात आणि स्वतःच्या गाडीचा मारून मोकळी होतात. ऑफिसात ह्या चुकीला सगळे 'घरचा नंबर' म्हणत. प्रत्येकाकडून महिन्यातून एकदा तरी ती व्हायचीच, म्हणून साहेबांनी सगळ्यांच्या गाड्यांचे नंबर एका यादीत घालून ठेवले होते. त्यातला एखादा आला की ओळ लाल व्हायची, आणि संध्याकाळी तपासणीचा प्रोग्राम लाल ओळी उडवून टाकायचा. कुणाला विचारायचाही नाही.

"लागला का घरचा नंबर?" शेजारच्या टेबलावरून डिझेल म्हणाला. पन्नाशीचा माणूस, सकाळी आल्या आल्या दहा मिनिटं खोकल्याशिवाय त्याचं इंजिन सुरू होत नसे, म्हणून डिझेल. "चहा घे, पोरी. बोटं झोपलीत तुझी."

"बोटं जागी आहेत. मीच झोपलेय," ती म्हणाली, आणि खरा नंबर काय होता ते बघायला तिने चित्रफीत मागे घेतली.

काम म्हटलं तर सोपं होतं. शहरातली वाहनं किती धूर ओकतात ह्याचा अंदाज बांधणारं एक मॉडेल होतं. त्याला इथल्या रस्त्यांची माहिती भरवायची. कुठल्या तासाला किती वाहनं, किती जुनी, कशावर चालणारी, काय वेगाने जाणारी. भरवली नाही म्हणून मॉडेल उपाशी राहायचं नाही. ते स्वतःच्या पोटातले आयते आकडे काढून वापरायचं, कुठल्यातरी दुसऱ्या शहरातल्या, शहाण्यासारख्या चालणाऱ्या बिनचेहऱ्याच्या गाड्यांचे. ते होऊ नये म्हणून बारा चौकांत खांबांवर कॅमेरे बसवले होते. पडद्यावर एक पांढरी रेषा आखलेली असायची. ती जे वाहन ओलांडेल त्याचा नंबर टाइप करायचा, मग नोंदणीच्या दप्तरातून त्याचं वय निघायचं, इंधन निघायचं. रेषा ओलांडली तर वाहन. नाही ओलांडली तर नुसता देखावा. ह्या तुकड्यात चार मिनिटं रेषेपलीकडे काहीच आलं नव्हतं, सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी, म्हणून तिने चित्र आठपट वेगाने पळवलं होतं. पळताना कडेला काहीतरी वळवळलं होतं. आठपट वेगात माणसं नेहमीच तशी दिसतात, उलट्या पडलेल्या किड्यांसारखी हातपाय झाडणारी. त्यांच्याकडे कोण बघत बसतं.

नंबर बरोबर होता. बोटं चुकली नव्हती. रेषा ओलांडून जाणारी ती गाडी त्यांचीच होती, उजव्या दिव्याखाली पोचा आलेली, आणि आधी तिला इतका आनंद झाला की तिने तोंडावर हात धरला. हजारो परक्या गाड्यांत आपलं माणूस! तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, बुधवार, चार बावन्न. बुधवारी आणि शुक्रवारी नवरा लवकर सुटायचा आणि गोटीला नर्सरीतून आणायचा. गोटी चार वर्षांची, सगळीकडून गोल म्हणून गोटी. मागच्या काचेला खरंच एक लाल ठिपका होता, तिची टोपी. तिने पडद्यावर बोट टेकवलं. अजून थोडी दिसेल म्हणून तिने चित्र आणखी मागे नेलं, चार मिनिटं मागे, आणि साध्या वेगाने सोडलं, लाडाने, बाळाचे जुने फोटो काढून बसावं तसं.

गाडी रेषेच्या अलीकडे उभी होती. पुढ्यात एक दुचाकी तिरकी, मागे चौकोनी खोका बांधलेली, घरोघरी सामान पोचवणाऱ्याची. फटीतून पुढे घुसताना दुचाकीने गाडीचा आरसा उडवला असावा, कारण आरसा तुटक्या कानासारखा लोंबत होता. नवरा उतरला. डिकी उघडली आणि चाकाचे नट सोडवायचा हातभर लांबीचा पाना काढला. घाई नव्हती. पाकीट विसरलं म्हणून घरात परतावं तसा तो चालत आला, आणि पहिल्यांदा पाय वापरला. दुचाकी आडवी झाली, माणूस तिच्याखाली, एक पाय अडकलेला. मग पाना वर गेला. गुडघ्यावर. पुन्हा गुडघ्यावर. खांद्यावर. माणसाने दोन्ही हात वर केले तेव्हा हातांवर. चित्रफितीला आवाज नव्हता. माणसाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, हेल्मेट पट्ट्यासकट कपाळावरून मागे सरकलं आणि पाना तिथे उतरला जिथे हेल्मेट संपतं. रस्त्यावर काळं काही पसरलं. कॅमेऱ्यात रक्त ऑइलसारखं दिसतं. मागे रांगेत सोळा वाहनं, सगळ्यांची इंजिनं चालू, एका गाडीचा काच पुसायचा वायपर कोरड्या काचेवर उगाच हलत होता. एकही दार उघडलं नाही. मग नवऱ्याने पाना डिकीत ठेवला, हो, ठेवला, फेकला नाही, हात पँटीला मांडीवर पुसले, मागचं दार उघडलं आणि तो आत वाकला. नऊ सेकंद. दार लावलं, पुढे बसला, आणि सिग्नल हिरवा झाल्यावर रेषा ओलांडून गेला. चारचाकी, पेट्रोल, सात वर्षं. दुचाकी कुणीतरी फुटपाथकडे ओढली. ती रेषेपर्यंत आलीच नव्हती, म्हणून तिचा नंबर कुठेच टाइप व्हायचा नव्हता.

तिने परत पाहिलं. का पाहिलं ते तिला सांगता आलं नसतं. दुखऱ्या दाताला जीभ लागत राहते तसं. दुसऱ्यांदा तिने फटके मोजले, कारण मोजलं नसतं तर ती किंचाळली असती, आणि मोजणं ही एकच गोष्ट होती जी तिच्या हातांना न विचारता येत होती. सात. भीती होती तितकाच राग होता, असा राग की समोरचा पडदा उचलून एखाद्याच्या डोक्यात घालावा, त्याच्याच, त्या सरळ भांगाच्या डोक्यात, जे ती रविवारी मांडीवर घेऊन चेपायची. त्या बुधवारी तो घरी आला तेव्हा उजव्या हाताची बोटं सुजली होती. "डिकीचं झाकण पडलं," तो म्हणाला होता. तिने त्याचा हात गार पाण्याच्या भांड्यात धरला, सालटं निघालेल्या हाडांवर फुंकर घातली, त्याच्या वाटचं 'आई गं' तीच म्हणाली. मलम लावलं. तो हसला होता, "तू डॉक्टरच व्हायचीस," आणि तिला किती बरं वाटलं होतं! मग त्याच हाताने त्याने गोटीचे केस धुतले. गोटीला संध्याकाळी ताप भरला. अंथरूण ओलं केलं, जे वर्षभरात केलं नव्हतं. "नर्सरीत काहीतरी चरली असेल," तो म्हणाला, आणि चादर त्यानेच बदलली. तेव्हापासून वरच्या फळीवरचा डबा काढायला तिने हात वर केला की गोटी मान खाली घालून डोळे गच्च मिटायची. तिला वाटलं होतं, नवा खेळ आहे. तीही खेळली होती. हात उगाच वर करायची, गोटीने डोळे मिटले की गुदगुल्या करायची. आज सकाळीसुद्धा.

'माझ्या अंगाला त्याने कधी बोट लावलेलं नाही.' हे वाक्य ती आईला सांगायची, मैत्रिणीला सांगायची, कुणी विचारलं नसलं तरी सांगायची, शाळेच्या दाखल्यासारखं जपून ठेवलेलं. आणि ते खरं होतं. त्याने बाथरूमच्या दाराला बुक्की मारली होती, तिथला पत्रा अजून आत गेलेला आहे. स्टीअरिंगवर दोन्ही हात आपटताना तिने त्याला कितीदा पाहिलं होतं; हॉर्न वाजायचा, गोटी हसायची. एकदा जेवताना त्याने काचेचं ताट उचललं आणि भिंतीला मारलं, अगदी तिच्या कानाजवळून. ताटाचा वारा तिला लागला, ताट लागलं नाही. मग तो स्वतःच भिंत पुसत बसला, तिला जवळ येऊ देईना, काच लागेल म्हणून. अशा प्रत्येक वेळी सगळं तिच्या अलीकडे थांबलं होतं, आणि जे अलीकडे थांबलं ते तिने धरलं नव्हतं. तिचं कामच ते.

आणि मग वडील आठवले, जे ती कधीच आठवू देत नसे. वडील बस चालवायचे. सुट्टीत तिला न्यायचे, ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या सीटवर. काचेतून सगळा रस्ता आपल्याच पोटात शिरतोय असं वाटायचं. ती आठ वर्षांची असताना एक सायकलवाला बसच्या चाकाशी आला. मेला नाही, पाय मोडला फक्त, चूक कुणाची होती कोण जाणे. लोकांनी वडलांना दारातून खाली ओढलं. ती काचेच्या आत होती. गर्दी वरून पाहिली की तिला माणसं नसतात, नुसते हात असतात, आणि ते हात वडलांच्या शर्टात, केसात, तोंडात शिरत होते. एक चप्पल, एक पंप, कुणाची तरी छत्री. वडील परत आत चढले तेव्हा दातांच्या फटी लाल होत्या. त्यांनी ड्रायव्हरच्या बाटलीतलं पाणी तोंडात घोळवून खिडकीबाहेर थुंकलं, आणि वळून म्हणाले, "काही नाही झालं हं. आईला सांगायचं नाही." आईला त्यांनी पाय घसरल्याचं सांगितलं. तिने कधीच सांगितलं नाही. वडील गेले तरी नाही, आई आजही त्यांच्या तुटक्या दाताची गोष्ट 'घसरले होते' म्हणूनच सांगते. ते गुपित तिच्या घशात एखाद्या न गिळलेल्या गोळीसारखं वर्षानुवर्षं विरघळत राहिलं, कडू. मार खाणाऱ्याने तेच सांगितलं होतं. आता नऊ सेकंदांत गाडीत वाकून मारणाऱ्याने काय सांगितलं असेल? तिला ओठ दिसत नव्हते, फक्त त्याची पाठ, आणि काचेला लागलेली टोपी, जी एकदाही हलली नाही.

"ही लाल ओळ तशीच का?" मागून साहेब म्हणाले. ऑफिसात त्यांना सगळे 'दशांश' म्हणत, त्यांच्या पाठीमागे आणि कधी कधी चुकून समोरही. आकड्याला टिंबानंतर दोन घरं नसली की त्यांना जेवण जायचं नाही. "घरचा नंबर आहे. उडेल. आणि तो पाव तास वाकडा आलाय, रस्ता तुंबलेला दिसतोय. मागचा घ्या, पुढचा घ्या, मधली सरासरी टाका आणि मोकळ्या व्हा. आज पाचला ह्या चौकाच्या फिती पुसायच्यात."

"ती ओळ उडवायची नाही, साहेब."

"का बरं?"

"ती गाडी खरंच तिथे होती."

"असेल. एक सात वर्षांची पेट्रोल गाडी कमीजास्त. जगबुडी होत नाही."

"होते," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की डिझेलने खुर्ची वळवली.

तिने काही समजावलं नाही. चित्र मागे नेलं, सोडलं, आणि खुर्ची बाजूला घेतली. दोघं पुरुष वाकून उभे राहिले. चार मिनिटं ऑफिसात फक्त पंख्याचा आवाज होता आणि डिझेलची छाती घरघरत होती. मधेच तो हलक्या आवाजात "अरे, अरे, अरे" म्हणाला, ओट्यावरून दूध उतू जाताना म्हणतात तसा. मागचं दार उघडलं, नवरा आत वाकला, तेव्हा डिझेलने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "हे म्हणजे... तुझे..." तो म्हणाला. "मी काही पाहिलं नाही, पोरी. तू म्हणशील तर पाहिलं."

दशांशांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "किती मोजलेत तुम्ही?"

"सात."

"मी आठ मोजले."

ऑफिसचा नियम होता: दोन मोजणाऱ्यांत फरक आला की तिसऱ्याने मोजायचं. डिझेल खुर्ची ओढून तिच्या जागेवर बसला. त्याने टेबलावर बोटं मांडली, आणि प्रत्येक वेळी एक बोट मिटलं. तिला त्याची बोटं बघवत होती, पडदा बघवत नव्हता. "आठ," तो शेवटी म्हणाला. "तू शेवटचा सोडलास. तो फुटपाथकडे सरपटत होता ना, तेव्हाचा. पाठमोरा." तिने सोडला होता. दोन्ही वेळा. डोळे उघडे ठेवून, मोजता मोजता, एक फटका तिने त्याला माफ करून टाकला होता. सातपर्यंत म्हणता आलं असतं की राग आला, डोकं फिरलं, आरसा तुटला, गाडीत पोर होतं. आठवा सरपटत पळणाऱ्या माणसावर होता. आठव्याला काहीच म्हणता येत नव्हतं. ती कचऱ्याच्या डब्यात ओकली, चहा नुसता. डिझेलने स्वतःचा रुमाल पुढे केला आणि मग तो मळका आहे हे आठवून मागे घेतला.

"माणूस जगला का?" दशांशांनी विचारलं.

"कळत नाही. फुटपाथवर बसलेला दिसतो, मग लोक मधे येतात."

"हं." त्यांनी चष्मा चढवला, घड्याळ पाहिलं. "फिती पुसायचं काम माझं आहे. दुसऱ्या कुणाला ते बटण दाबता येत नाही. आणि मला आत्ता अचानक बरं वाटेनासं झालंय. मी घरी जातो." दोन पावलं जाऊन ते परत आले. "पाव तासाची सरासरी टाकू नका. जसा आहे तसा जाऊ द्या. आठ मोजले, असं मी कुणासमोरही सांगेन. दशांश न लावता."

ती हसली असती. पण बोटं फोनवर गेली होती, कारण आज शुक्रवार होता, त्याचा गोटीला आणायचा दिवस, आणि घड्याळात पावणेपाच व्हायला आले होते. नर्सरीच्या बाईंनी उचलला. मागे मुलांचा कल्ला. "गोटी? अहो, बाबा आत्ता घेऊन गेले की! आज जरा लवकरच आले. हो, हो, टोपी घालून दिली."

जिन्यावरून ती उतरली की पडली ते तिला नंतर आठवेना. चौक ऑफिसपासून दोन वळणांवर होता. नर्सरीपासून घरापर्यंत त्याचा एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्याचा ह्या वेळेचा वेग तिला पाठ होता, तिनेच काढला होता: ताशी सहा किलोमीटर. माणूस धावला तर गाडीला गाठतो, हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नव्हतं. ती फुटपाथ सोडून वाहनांमधून धावली. उभ्या दुचाक्यांचे सायलेन्सर तिच्या पोटऱ्यांवर गरम फुंकर टाकत होते, एकाने चटका दिला, कातडं चरचरलं, ती थांबली नाही. वर्षभर जो धूर तिने आकड्यांत ओतला तो पहिल्यांदा तिच्या छातीत उतरत होता, करवतीसारखा. कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी "अहो बाई, मराल!" म्हणालं. तिला वाटत होतं, समोर येईल त्याला नखांनी फाडावं, बंपरला लाथ घालावी, आरसे एकेक करून मोडत जावं. सगळा रस्ता कुणीतरी कुणाला तरी ठेचायची वाट बघत इंजिन चालू ठेवून उभा आहे, आणि आपणही त्यातल्याच.

उजव्या दिव्याखाली पोचा. तिने ड्रायव्हरच्या काचेवर तळहात आपटला. नवरा दचकला, आणि तिला ओळखून त्याचा चेहरा उजळला, खरोखर उजळला, हेच सगळ्यात भयंकर होतं. काच खाली आली. "अगं! तू कुठून उगवलीस? बस पटकन, सिग्नल सुटेल."

"मागचं दार उघड."

"पुढे बस ना."

"लॉक काढ."

"झालंय काय तुला? घामाघूम झालीस. अगं, लोक बघतायत."

"त्या बुधवारीही बघत होते," ती म्हणाली. "मीसुद्धा पाहिलं. आठही."

त्याच्या चेहऱ्यावरून नवरा हळूहळू उतरला, आणि खाली जो राहिला तो तिने पडद्यावर चालत येताना पाहिला होता, घाई नसलेला. त्याने हात बाहेर काढून तिचं मनगट धरलं. आधी हलकेच, गोटीचा हात रस्ता ओलांडताना धरतो तसं. मग ओढलं. तिचा गाल दाराच्या कडेवर आपटला, गालाच्या आत दात रुतले, तोंडात खारट भरलं, आणि तिच्या मनात लख्ख, जवळजवळ सुटल्यासारखा विचार आला: झालं, लावलं बोट. तिने मान वळवली आणि तो हात चावला. अंगठ्याच्या मुळाशी, पूर्ण जबड्याने, हाडाला दात लागेपर्यंत आणि लागल्यावरही. त्याच्या रक्ताची चव तिच्या रक्तापेक्षा वेगळी नव्हती. तो ओरडला, हात सुटला, आणि तिने आत हात घालून दारावरचं लॉकचं बटण दाबलं.

मागचं दार उघडलं, गोटी पट्ट्यात बसली होती. पट्टा सुटेना, तिच्या हातांना ते साधं बटण उमजेना, ती स्वतःवरच गुरकावली. मग सुटला. तिने पोरीला उपसून काढलं, टोपीसकट, एक बूट गाडीतच राहिला. सिग्नल हिरवा झाला होता. मागची बस हॉर्नवर बसली, तिच्या मागच्या सगळ्यांनी तोच धरला. नवऱ्याने दार उघडून एक पाय खाली टाकला होता, आणि त्याची नजर डिकीकडे गेली, हे तिने पाहिलं. "हा माणसं मारतो!" ती ओरडली. स्वतःचा असला आवाज तिने बाळंतपणातही ऐकला नव्हता. "ह्याच चौकात मारलंय ह्याने एकाला! लोखंडाने!" बसचा ड्रायव्हर खाली उतरला. शेजारच्या गाडीतून एक बाई उतरली, हातात काही नसताना, आणि नुसतीच त्याच्या आणि तिच्यामध्ये येऊन उभी राहिली. आणखी दोन दुचाकीवाले स्टँड लावत होते. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मोजल्यासारखं, मग पाय आत घेतला. गाडी गेली.

फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली. पोटरीवरचा चटका आता कुठे जाणवायला लागला होता. तिने गोटीला इतकं घट्ट धरलं होतं की पोरीच्या दंडावर बोटं उमटली. ती पाहून तिने हात सैल सोडला आणि त्या लाल वळांवर ओठ टेकवले. गोटीचे डोळे गच्च मिटलेले होते, पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत.

"गोट्या, उघड डोळे."

"बाबा अजून म्हणाले नाहीत."

"मी म्हणतेय ना."

एक डोळा उघडला. मग दुसरा. "तुझ्या तोंडाला लागलंय."

"हो. बाबांनी ओढलं, तेव्हा लागलं. मग मी त्यांना चावले."

बुटाविना असलेला पाय गोटीने दुसऱ्या पायावर घासला. "मी त्या दिवशी पण उघडले नव्हते," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, मिट. नंतर म्हणाले, शहाणी गं माझी. आईला सांगायचं नाही. मी नाही सांगितलं. आणि पक्के मिटले होते, आई, खरंच. पण कान मिटता येत नाहीत."

तिला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. तिने पोरीचा एक कान, मग दुसरा, टोपी वर सारून बोटाने नुसता चाचपला, गरम आणि मऊ, नुकत्याच जन्मलेल्या एखाद्या जिवासारखा.

"नाही येत मिटता," ती म्हणाली.

रस्त्यापलीकडे पोलीस चौकी होती. तिने गोटीला कडेवर घेतलं. एवढ्या मोठ्या पोरीला तिने कित्येक महिन्यांत उचललं नव्हतं, पाठ कळवळली. पायऱ्यांपाशी गोटी तिच्या मानेत कुजबुजली, "आत काय सांगायचं?"

"एका काकांना खूप लागलंय, त्यांना शोधायचंय. ते मी सांगणार आहे," ती म्हणाली. "तू ऐक. आणि माझं काही सुटलं, तर मधेच बोल."